मालिकेत नसलेलं मांजर

आमच्या कासुर्डीत कुणाला सिनेमा नुसता बघायचा असेल तर त्यानं बघावा, पण कळायला हवा असेल तर ललिताकडून ऐकावा. हे कोण सांगतंय, तर तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी मी, सुरेखा. दुसऱ्याचं कौतुक करताना माझ्या घशात हरभरा अडकतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तरी सांगतेय, म्हणजे ते खरंच असणार.

ललिता मूळची शिरूरची. तिच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. गल्लीतल्या सगळ्या पोरींना तिकीट परवडायचं नाही, म्हणून साऱ्याजणी मिळून एकच तिकीट काढायच्या आणि एकीला आत पाठवायच्या. तिनं सिनेमा डोळ्यांत भरून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी हौदावर धुणं धुताना बाकीच्यांना वाढायचा. आधी दोघी-तिघींना पाठवून पाहिलं. त्यातली एक मध्यंतरापासूनच झोपली आणि दुसरीला फक्त नटीच्या साड्या आठवल्या. मग कायमची नेमणूक ललिताची झाली. नायक ती जाड्या आवाजात बोलायची, खलनायक नाकातून, आणि पाऊस पाडायचा असेल तर ओलं लुगडं पोरींच्या डोक्यावर पिळायची. पुढं लग्नंबिग्नं झाल्यावर त्यातल्या एकीनं तोच सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि फोन करून ललिताशी भांडली, "अगं, ह्यात ती आंधळी मावशी कुठाय?" मावशी सिनेमात कधीच नव्हती. ललिताला वाटलं होतं, तिथं एक मावशी पाहिजे. ती मैत्रीण म्हणाली, "तुझ्यापुढं सिनेमाच कमी पडला बाई."

तर अशी ही ललिता लग्न होऊन आमच्या विहारामागच्या गल्लीत आली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांची खिचडी शिजेपर्यंत त्यांना गप्प बसवण्याचं काम तिच्याकडे, आणि ती पोरं भूक विसरतात. नवरा चांगदेव पाटसच्या साखर कारखान्यात पॅनवर असतो. पॅन म्हणजे उसाच्या रसाचा पाक आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचं अवाढव्य भांडं. लवकर उतरवलं तर पातळ, उशिरा उतरवलं तर ढेकूळ. दाणा कधी धरतोय ह्याकडे डोळे लावून बसायची सवय झालेला माणूस, त्यामुळे बोलणं मुळात कमी. ऐकणं मात्र असं, की सांगणाऱ्याला जोर चढावा. तोंड किंचित उघडं, घास हातात, आणि डोळे ललिताच्या तोंडावर. लग्नाला इतकी वर्षं होऊनही नवरा आपल्या तोंडाकडे बघतो, ही गोष्ट आमच्या गल्लीत दुसऱ्या कुठल्या घरात आढळल्याचं मला तरी माहीत नाही. माझ्या घरात तर नाहीच.

ह्या हंगामात त्याला चारची पाळी लागली. दुपारी चारला जायचं, मध्यरात्री सुटायचं. आणि नेमकी दर मंगळवारी रात्री नऊला टीव्हीवर 'गेलेला मंगळवार' ही रहस्यमालिका सुरू झाली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका घड्याळजीचा खून होतो. एक इन्स्पेक्टरबाई तपास करते, आणि खुनाचा जो मंगळवार, तो परत परत येतो. कुणी त्यात मागं जातं, कुणी पुढून येतं. डोकं बाजूला काढून ठेवून बघावी तर काही कळत नाही, आणि डोकं लावून बघावी तर डोकं राहत नाही.

चांगदेवची ती चुकायची. मी म्हटलंसुद्धा, "भावजी, मोबाईलवर बघायची की."

"कशाला वैनी? घरात बोलता टीव्ही असताना?"

असं म्हटल्यावर ललिता लाजून पिठात बोटं खुपसत राहिली. मी तेव्हाच म्हटलं होतं, ह्यांना कुणाची तरी दृष्ट लागणार. निदान माझी तरी लागेलच.

तर बुधवारी सकाळी ललिता भाकरी थापायची आणि मालिका सांगायची. मी कधी कोथिंबीर मागायला, कधी विरजण मागायला बरोबर त्या वेळी जायचे. ती भाकरी उलटेपर्यंत संशयित आत यायचा आणि भाकरी फुगली की त्याचं बिंग फुटायचं. एका बुधवारी घड्याळाची भानगड आली.

"त्या लहान पोराला घड्याळ दिलं कुणी, तर म्हाताऱ्यानं," ललिता म्हणाली. "आन् म्हातारा कोण, तर तोच पोरगा. मोठा झाला, म्हातारा झाला, आन् गेलेल्या मंगळवारात मागं जाऊन त्यानंच लहानपणच्या स्वतःला घड्याळ दिलं."

चांगदेवचा घास थांबला. "मग दुकानातनं इकत कुणी घेतलं?"

"कुणीच न्हाई."

"असं कसं? बिनदुकानाचं घड्याळ?"

ललितानं पिठाचं बोट माझ्या हातातल्या वाटीकडं केलं. "ह्या सुरेखाक्का विरजण न्यायला आल्यात. परवा मीच ह्यांच्याकडनं आणलं व्हतं. त्याच्या आधी ह्यांनी माझ्याकडनं. दह्याला विरजण लागतं, विरजणाला दही लागतं. मग जगातलं पहिलं दही कुणी लावलं, ते सांगा की!"

चांगदेवनं हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "आयला!" आणि मोबाईल काढला.

इथून पुढं ललिताचं सुख नासलं.

ह्या मालिकेच्या वेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'मंगळवारवाले'. पाटसच्या एका पोरानं काढलेला. त्यात दौंडचे, यवतचे, शिरूरचे, सगळे. खून कुणी केला, घड्याळ कुणाचं, इन्स्पेक्टरबाई आधीच मेलेली आहे का, ह्यावर तिथं जेवढं डोकं चालतं तेवढं ग्रामसभेत चाललं असतं तर गावाला गटार झाली असती. मीही त्यात आहे. लिहीत काही नाही, पण न वाचलेलंही काही नाही. चांगदेवनं त्या दिवशी तिथं लिहिलं, जसंच्या तसं, भाकरीच्या वासासकट: 'दह्याला विरजण लागतं, विरजणाला दही लागतं. मग पहिलं दही कुणी लावलं?' आणि खाली आपलं नाव.

ग्रुप उसळला. 'विरजण थिअरी' असं बारसंच झालं तिचं. आणि त्या गर्दीत कवठे येमाईची कुणी सीमा लिहिती झाली: 'चांगदेवजी, काय डोकं आणि काय सांगणं! आज दही लावताना माझा हात थांबला.'

चांगदेवजी! त्याच्या आईनंसुद्धा त्याला हाक मारताना नावाच्या शेवटी कधी काही लावलं नव्हतं, लावलीच तर नावाआधी शिवी लावायची.

मी मोबाईल घेऊन अंगणवाडीत गेले. आता तुम्ही म्हणाल, कशाला गेलात? अहो, बाईच्या नवऱ्याचं कौतुक चाललंय आणि बाईला पत्ता नाही, हे शेजारधर्मात बसतं का?

ललितानं दोनदा वाचलं. "ही कोण सीमा?"

"कवठे येमाईची. फोटोच्या जागी फूल लावलंय."

"फूल? म्हंजी तोंड दाखवायजोगं नसंल."

"किंवा तोंडच फुलासारखं असंल," मी म्हटलं. मी फक्त एक शक्यता मांडली.

"आन् विरजण तर माझं व्हतं, अक्का."

"तुझं नाव न्हाई त्यात."

त्या दिवशी अंगणवाडीच्या खिचडीत मीठ दोनदा पडलं. पोरं पाणी पीत घरी गेली.

नवऱ्याला ती काही बोलली नाही. पण पुढच्या बुधवारी मी वाटी घेऊन गेले तर वेगळंच चित्र. चांगदेवच्या डाव्या हातात मोबाईल. ललिता सांगतेय आणि तो मधेच, "थांब, थांब. त्ये पुन्हा बोल. टाकायचंय."

"कुणाला टाकायचंय?"

"ग्रुपवर."

"ग्रुपवर कोण कोण असतं?"

"हायती की. पाटसचे, शिरूरचे."

"बाया असत्यात?"

"असत्यात."

"आन् त्या काय म्हणत्यात?"

"चांगलंच म्हणत्यात," तो मान खाली घालून हसला. त्या हसण्यानं तव्यावरची भाकरी जळली म्हटलं तरी चालेल. ललितानं ती तशीच त्याच्या ताटात टाकली आणि त्यानं बोटं मोबाईलवर चालवत ती खाल्ली. जळलीय हेही त्याला कळलं नाही. मला वाटतं ललिताला सीमापेक्षा हेच जास्त लागलं. पूर्वी हा माणूस तिच्या तोंडाकडं बघून ऐकायचा. आता तिचं तोंड म्हणजे नळ झालं होतं. खाली बादली लावायची, आणि बादली भरली की कवठ्याला पाठवायची.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मालिका झाली आणि बुधवारी ललितानं सांगायला घेतलं. आदल्या रात्री मीही बघितलेलं होतं, म्हणून नीट ध्यान दिलं. घड्याळजीचं दुकान, आरसा, इन्स्पेक्टरबाईचा जिना, सगळं बरोबर. आणि मग ललिता आवाज बारीक करून म्हणाली, "आन् जिन्यावर मांजर बसलेलं."

मी वाटी खाली ठेवली. मांजर?

"पांढरं. एका डोळ्यानं आंधळं. बाई वर गेली तवा व्हतं. मग ती मागच्या मंगळवारात गेली, घड्याळजी जित्ता व्हता तवा, तर त्याच्या दुकानात तेच मांजर. तोच डोळा बंद."

चांगदेवचा मोबाईल मांडीवर पडला. "म्हंजी मांजर दोन्ही मंगळवारांत हाय?"

"मी कशाला सांगू? मांजराला वाट दाखवावी लागत न्हाई, एवढंच म्हणते. म्होरचा तुम्हीच इचार करा. डोकं तुमचं हाय म्हणं."

मी तिच्याकडं बघितलं. ती पीठ मळत होती, अगदी साध्वीसारखी. आंधळी मावशी मांजर होऊन परत आली होती.

चांगदेवनं दुपारी पाळीवर जायच्या आधी भलामोठा मजकूर टाकला. माणसं काळात मागंपुढं जातात ती चुकून, पण मांजर मुद्दाम जातं. मांजराला वाट दाखवावी लागत नाही. खुनी माणूस शोधू नका, मांजर कुणाच्या घरचं ते शोधा. वाचून माझ्याच अंगावर काटा आला, आणि मांजर नाही हे मला माहीत होतं!

मग ग्रुपनं त्याला धुतला. एकजण: 'कोणतं मांजर काका?' दुसरा: 'पॅनची वाफ डोळ्यांत गेली काय?' तिसऱ्यानं नुसतं 'म्याव' लिहिलं आणि त्याच्याखाली म्यावची रांग लागली. संध्याकाळी मी हे सगळं ललिताला वाचून दाखवलं. ती ऐकत होती आणि गालात हसत होती. इतक्यात खाली सीमा उगवली.

'हसू नका. मलाही दिसलं. जिन्यावर डाव्या बाजूला.'

ललिता उठून उभी राहिली. "काय? परत वाचा."

मी परत वाचलं.

"तिला दिसलं?"

"डाव्या बाजूला."

"अक्का, मांजर न्हाईच हाय तिथं!"

"ते तुला न् मला माहीत."

"मग हिला दिसलं कसं?" तिचा चेहरा तांबडा झाला. "जिला नसलेलं मांजर दिसतं, तिला माझा नवरा कसा दिसत असंल?"

ह्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण द्यावंसं वाटलं नाही.

आणि मग झालं असं, की सीमाला दिसलं म्हटल्यावर सगळ्यांनाच दिसायला लागलं. दौंडच्या एकानं टीव्हीचा फोटो काढून जिन्याखालच्या अंधाराला तांबडं वर्तुळ मारलं: 'शेपूट.' शिरूरच्या एकीला आरशात मिशा सापडल्या. म्याव म्हणणाऱ्यानं माफी मागितली. आठवड्याभरात 'विरजण'च्या वर 'मांजर थिअरी' चढली आणि चांगदेव कारखान्यात छाती काढून चालायला लागला. ललितानं त्याला तोंडावर पाडायला मांजर सोडलं, तर तो त्याच मांजरावर बसून मिरवायला लागला. बरं, 'मांजर खोटं हाय' म्हणायची सोय नाही. म्हटलं तर नवरा विचारणार, 'मग तू कशाला सांगितलंस?' आणि ह्या एका प्रश्नानंतर तो तिचं सांगणं कधी खरं धरील? तिच्याजवळ होतं काय, तर तिच्या सांगण्यावरचा त्याचा विश्वास. तोच गेला तर बुधवार राहिला काय, गेला काय.

"अक्का," ती मला म्हणाली, "मी माहेरी चाललेय. तुम्ही येताय का?"

"शिरूरला?"

"शिरूरला. आन् जरा पुढं."

मी चप्पल घालूनच बसले होते.

चौफुल्यावरून एसटीनं न्हावऱ्यामार्गे शिरूर, तिथं तिच्या भावाकडं चहाच्या नावाखाली तोंड दाखवलं, आणि दुसऱ्या गाडीनं कवठे येमाई. सीमा सापडायला वेळ लागला नाही. 'सीमा लेडीज टेलर्स' अशी पाटीच होती. आणि ते फोटोतलं फूल म्हणजे तिनं एका ब्लाऊजच्या पाठीवर केलेलं भरतकाम, तोच ब्लाऊज दुकानात दर्शनी टांगलेला. ललितानं वाटेत घेतलेला ब्लाऊजपीस पुढं केला, पण डोळे सीमावरून हलेनात. चाळिशीच्या आतबाहेरची, सावळी, तरतरीत. हसली की डाव्या गालाला खळी. ललितानं ती खळी बघितली आणि ललितानं खळी बघितलेली मी बघितली. म्हटलं, चला, बाईचं जळणं अगदीच वाया गेलं नाही.

सीमा टेप घेऊन माप घ्यायला लागली. "श्वास सोडा ताई. धरून ठेवलाय तुम्ही."

"मी अशीच असते."

"मग ब्लाऊज ढगळ होईल."

"होऊ दे."

कोपऱ्यात टीव्ही होता. मी आपलं निरागसपणानं विचारलं, "ती मंगळवारची मालिका बघता का हो तुम्ही?"

"अगं बाई, तुम्ही पण बघता?" सीमाचा टेप ललिताच्या गळ्याभोवतीच राहिला. "मशीन बंद ठेवून बघते मी!"

"त्यात म्हणं मांजर हाय," ललिता समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली.

"मांजर-बिंजर काय न्हाई हो. मी परत लावून बघितलं. जिना नुसता मोकळा."

"मग ग्रुपवर दिसलं म्हणून कोण—" ललिता उसळली. मी तिला चिमटा काढला तशी तिनं सावरलं, "—असं कुणीतरी म्हणालं."

"ते मीच लिवलं," सीमा खळी पाडून हसली. तिनं दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि तशीच बोलायला लागली. "आमच्या ग्रुपवर एक चांगदेवजी हायत, कारखान्यात असत्यात. ते लिवत्यात ना, ते वाचायला मी बुधवारची वाट बघते. मंगळवारी मी डोळ्यांनी बघितलेलं असतं, पण काय बघितलं ते बुधवारी कळतं. त्या दिशी मांजरावरनं पोरांनी लई टर उडवली त्यांची. मला वाटलं, हा माणूस चिडून लिवायचा बंद झाला तर? माझा बुधवार गेला की! दिसलं म्हणायला माझं काय जातंय?"

"बुधवार तुमचा कसा?"

आवाज असा होता की सीमा मागं सरकली. टेपचं दुसरं टोक अजून ललिताच्या गळ्यात.

"बुधवार माझा हाय," ललिता म्हणाली. "ते विरजण माझं. ते 'मांजराला वाट दाखवावी लागत न्हाई' माझं. ती सगळी गोष्ट मी चुलीपुढं बसून सांगते. भाकरी मी थापते आन् फुगती तुमच्या ग्रुपवर!"

सीमानं एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. "तुम्ही... मिसेस चांगदेवजी?"

"ललिता."

"जयभीम वैनी," ती गोंधळून म्हणाली आणि स्टूल पुढं केलं. ललिता बसली नाही. सीमाच बसली. "म्हंजी मी वाचत व्हते ते त्यांचं न्हाई?"

"टायपलेलं त्यांचं. बाकी माझं."

"मग मांजर?"

"मीच सोडलं."

"कशाला?"

"तुमच्या अंगावर."

मी आयुष्यात पुष्कळ भांडणं बघितली, काही तर लावलीसुद्धा, पण असलं भांडण बघितलं नव्हतं. मग सीमा हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. "आन् ते मला दिसलं!" एवढंच ती परत परत म्हणत होती. ललिता काही हसली नाही. पण ओठ आवळावे लागत होते, एवढं मला दिसत होतं.

पाणी पिऊन झाल्यावर सीमा म्हणाली, "वैनी, खरं सांगू? मला त्या माणसाचा हेवा वाटतोय आता. मी एवढी मालिका बघते, पण आमच्या घरात आल्यागेल्याला सांगायला जावं तर म्हणत्यात, जेवायला काय हाय? आन् त्यांना दर बुधवारी घरबसल्या ऐकायला मिळतंय, ते पण तुमच्या तोंडनं. आन् वर वाहवा पण त्यांनाच."

हे शेवटचं वाक्य तिनं सहज टाकलं, पण ते ललिताला जाऊन बसलं. येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. न्हावरा मागं पडलं तेव्हा म्हणाली, "अक्का, आमच्या हौदावर पोरी म्हणायच्या, ललिताला पाठवा, ललिताला. नाव घ्यायच्या माझं." तिच्या पोटातली आग शिरूरपर्यंत सीमावर होती. परतीच्या वाटेत त्या आगीनं दिशा बदलली आणि सरळ पाटसच्या कारखान्याकडं वळली. बाईवर जळणं सोपं असतं, खळी तरी दिसते. नवऱ्यावर जळायचं म्हणजे रोज त्यालाच वाढायचं आणि जळायचं.

घरी आल्यावर तिनं त्याला माहेरच्या चार गोष्टी सांगितल्या. पाचवी सांगितली नाही. मीही नाही सांगितली. मला कुणी विचारलंच नाही.

शेवटचा भाग आला. खून उलगडला, इन्स्पेक्टरबाईनं घड्याळ विहिरीत टाकलं, आणि तरी मागच्या मंगळवारात त्या पोराच्या मनगटावर घड्याळ होतंच. संपलं. ग्रुपवर शिमगा. घड्याळ कुणी घेतलं ते सांगितलंच नाही, आणि मांजर? मांजराचं काय झालं? सगळे चांगदेवजींची वाट बघत होते.

बुधवारी सकाळी चांगदेव नेहमीसारखा पाटावर येऊन बसला. मी उंबऱ्यात, वाटीसकट. ललितानं तवा ठेवला, पण पिठाला हात न लावता आपला मोबाईल उचलला आणि तोंडापाशी धरला.

"नमस्कार मंडळी. मी ललिता, कासुर्डीची. चांगदेव माझे मालक. पहिलं दही माझ्या घरी लागलं. सीमाताईंनी मला काल ग्रुपात घ्यायला लावलं, म्हणून बोलते. ऐका."

आणि तिनं सांगितलं. काय सांगितलं! विहिरीत घड्याळ पडतं तो आवाज तिनं तांब्या हंड्यात सोडून काढला. घड्याळ बुडलं तरी वेळ बुडत नाही, म्हणाली. विरजण एकदा लागलं की पहिलं दही कुणाचं हे विचारायचं नसतं, नासू द्यायचं नाही एवढंच बघायचं. मी आदल्या रात्री तोच भाग बघून 'ह्या!' म्हणून टीव्ही बंद केला होता. इथं उंबऱ्यात माझे डोळे ओले झाले. फार राग आला मला तिचा.

संदेश गेला आणि मोबाईल वाजायला लागला तो थांबेना. पहिली सीमाच: 'ललिताताई, बुधवार तुमचाच.' म्याववाला म्हणाला, 'काकू, एवढे दिवस कुठं होता?'

चांगदेव पाटावर तसाच. कानाच्या पाळ्या लाल. "मला कवा सांगणार?"

"ग्रुपवर हाय की. ऐका."

त्यानं आपला मोबाईल काढून लावला. ललिता भाकरी थापायला लागली आणि तिचाच आवाज त्याच्या हातातून यायला लागला. थोडा ऐकून त्यानं बंद केला.

"असं न्हाई."

"असं म्हंजी?"

"ह्यात तू समद्यांकडं बघून सांगतीस."

"आन् तुम्ही कुणाकडं बघून ऐकत व्हता? मोबाईलकडंच ना?"

 त्यानं मोबाईल खिडकीत उलटा ठेवला. "चुकलं माझं. विरजण तुझं म्हणून तवाच लिवायला पायजे व्हतं. मला पॅनवर कोण जी म्हणतं? तिनं म्हटलं आन् चढलं डोक्यात. पण ललिता, सकाळचं हे माझ्या एकट्याचं व्हतं. आता पाटसपास्नं कवठ्यापर्यंत गेलं."

"कुणी नेलं?"

"मीच." आणि मग, पोरासारखा, "म्याववाला तुला काकू म्हणतोय. कोण हाय तो? वय काय त्याचं?"

आता ललिता हसली. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा. ती आग कुठून कुठं गेली ते मी डोळ्यांनी बघितलं. उंबऱ्यातून फार छान दिसत होतं.

"आन् मांजर?" तो म्हणाला. "तू मांजराचं काहीच बोलली न्हाईस. समदे इचारत्यात. मी काय सांगू?"

ललितानं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "सुरेखाक्का, तुमचं दूध उतू जात असंल."

"आमच्याकडं दूध दुपारी येतं."

"मग दुपार झाली असं समजा."

आणि तिनं दार लावलं. माझ्या तोंडावर. विरजण न देता.

मी घरी येऊन भिंतीला कान लावला. आधी तिचं हळू बोलणं. मग काहीच नाही, आणि हा 'काहीच नाही' चांगला लांब होता. मला वाटलं, सांगितलं वाटतं खरं, आता हा चिडतोय. मग चांगदेवचा आवाज, पण शब्द कळेनात. ह्या लोकांनी भिंत फार जाड बांधलीय.

त्या दिवशी तो पाळीवर जायला निघाला तेव्हा मी अंगणातच होते, योगायोगानं. चेहऱ्यावरून काही कळेना. विचारलं, "काय भावजी, मांजर सापडलं का?" तर नुसता हसला आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी ग्रुपवर शिरूरच्या बाईनं परत विचारलं, 'चांगदेवजी, मांजर शेवटी कुणाचं?' चांगदेवनं कारखान्यातून एवढंच लिहिलं:

'आमच्या घरचं आहे. त्यावर आता कुणी थिअरी मांडू नये.'

लोक अर्थ लावत बसलेत अजून. मी तर त्या मांजराच्या जन्माला हजर होते, आणि दारामागं त्याचं पुढं काय झालं ते मलाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दही मी दुकानातनं आणलं.